हॉबेमाचें रान

'लँडस्केप' या शब्दास आपल्याकडे 'निसर्गचित्र' हा प्रतिशब्द ज्या कोणीं प्रथम योजिला, त्यानें भाषेची मोठी सोय केली हें खरें. परंतु त्या सोयीबरोबर एका गैरसमजाचीही पेरणी झाली असें आम्हांस वाटतें. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. सोळावें शतक संपून सतरावें सुरू होण्याच्या सुमारास इंग्रजांनीं तो डच चित्रकारांकडून, त्यांच्या चित्रांबरोबरच, आयात केला. डच भाषेंत 'लांडस्खाप' म्हणजे जमिनीचा एक तुकडा, एक मुलूख. त्या शब्दांत निसर्गाचें नांव नाहीं. जमीन मात्र आहे; आणि जमीन म्हटली कीं तिचा धनी, तिची हद्द, तिच्यावरून जाणारी वाट व तिचा सारा हें सर्व ओघानेंच येतें. आपण चित्राखालीं 'निसर्ग' अशी पाटी लावतों, मग चित्रांत निसर्गच धुंडाळूं लागतों, आणि तो सांपडला असें वाटलें कीं समाधानानें पुढच्या चित्राकडे वळतों.

हें सुचण्यास कारण मेइंदर्त हॉबेमा या चित्रकाराचीं रानाचीं चित्रें. त्यांच्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत शांत, साधें, निष्पाप ग्रामजीवन, वृक्षांच्या छायेंत विसावलेल्या झोंपड्या आणि चित्रकाराची निसर्गनिष्ठा ही शब्दावली इतकी ठरून गेली आहे कीं चित्र न पाहतांही तसा लेख लिहितां यावा. याच्या उलट दुसराही एक पक्ष आहे. त्याचें म्हणणें असें कीं, हीं चित्रें म्हणजे धनिक व्यापाऱ्यांनीं आपल्या दिवाणखान्यासाठीं विकत घेतलेलें एक सोयीचें स्वप्न होय. त्यांत शेतकऱ्याचा घाम नाहीं, सावकार नाहीं, पावसाचा चिखल नाहीं. सबब तीं खोटीं. पहिला पक्ष चित्रास आरसा समजतो, दुसरा पडदा समजतो. दोन्ही पक्षांनीं चित्रासमोर थोडा अधिक वेळ उभें राहावयास हवें होतें, एवढीच आमची तक्रार आहे.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहांत हॉबेमाचें १६६३ सालचें एक रान आहे. लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस येथील संग्रहांतही त्याचीं भावंडें आहेत. त्यांतलीं चार-पांच पाहिलीं म्हणजे सगळ्या कुळाची ठेवण ध्यानीं येते. पुढच्या बाजूस गाडीच्या चाकोऱ्या पडलेली मातट वाट. ती सरळ कधीं जात नाहीं, वळण घेऊन झाडींत शिरते. वाटेच्या कडेला बहुधा थांबलेलें पाणी. मध्यभागीं ओक वृक्षांचा काळपट पुंजका, फांद्या वेड्यावांकड्या, पानें एकेक वेचून घ्यावीं इतकीं सुटीं सुटीं. त्यांच्याआड एखादें घर, त्याचें उतरतें छप्पर. आणि या सगळ्या अंधाऱ्या पुंजक्याच्या मागें अकस्मात् एक मोकळा तुकडा, दुपारच्या उन्हानें भरलेला. हें मागचें ऊन हीच हॉबेमाची खरी सही होय. पुढें सांवली व मागें उजेड, अशा उलट्या क्रमानें तो आपल्याला चित्रांत ओढून नेतो. वाट वळते तेथें आपली दृष्टि क्षणभर अडते, आणि झाडांच्या बुंध्यांमधून पलीकडचें ऊन दिसल्याबरोबर पाय उचलल्यासारखें होतें. या चित्रांतील शांतता अशी चालत जाऊन अनुभवावयाची आहे.

या कामांत हॉबेमाचा गुरु याकोब फान रॉइसडाल. हॉबेमानें आपल्यापाशीं कांहीं वर्षें राहून काम शिकलें, असा दाखला रॉइसडालनें १६६० सालीं दिला होता, तो उपलब्ध आहे. गुरुशिष्यांचीं चित्रें शेजारीं ठेवलीं तर विषय एक, झाडें एक, पाणचक्क्याही त्याच. पण मनें किती निराळीं! रॉइसडालच्या रानांत वृक्ष हा नायक असतो, आणि तो बहुधा मरणोन्मुख असतो: मोडलेलें खोड, पांढरी पडलेली फांदी, खालीं काळें पाणी, वर भरून आलेलें आभाळ. गटेला या चित्रकारावर १८१६ सालीं निबंध लिहावासा वाटला आणि त्यानें त्यास कवि म्हणून गौरविलें, याचें आश्चर्य वाटावयास नको. रॉइसडालचें प्रत्येक रान कशाविषयीं तरी बोलत असतें. हॉबेमाचें रान कशाविषयींही बोलत नाहीं. तें फक्त तेथें असतें. साहित्याचा व्यासंग करणारांस रॉइसडाल जवळचा वाटतो तो याचमुळें, आणि त्याचमुळें हॉबेमावर लिहितांना ते विशेषणांच्या पलीकडे जात नाहींत. ज्या चित्रांतून अर्थ काढतां येत नाहीं त्यास 'शांत' म्हणून मोकळें होणें सोपें असतें.

आतां हें रान कोठलें, तें पाहूं. हॉबेमा १६३८ सालीं ॲमस्टरडॅम येथें जन्मला आणि आयुष्यभर त्याच शहरांत राहिला. हॉलंड प्रांत म्हणजे समुद्रसपाटीच्या आसपासची, पुष्कळ ठिकाणीं तिच्याही खालची, पाटांनीं चिरलेली गवताळ जमीन. तेथें ओढ्याला उतार नाहीं, म्हणून पाणचक्की नाहीं. तेथली चक्की वाऱ्यावर चालते. ओकांचीं रानें व पाणचक्क्या पाहावयाच्या तर पूर्वेकडे, जर्मनीच्या सरहद्दीलगत ओव्हराइसल व गेल्डरलँड या प्रांतांत जावें लागे. डेनेकाम्प गांवाजवळील सिंग्राव्हनच्या पाणचक्क्यांचें त्याचें एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. त्या चक्क्या अगदीं सरहद्दीवरच्या. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या घरांत टांगलेलें हें रान तेथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यांतलें नव्हतें. त्या शहराशीं लांकडाचा संबंध होता, पण फार निराळ्या प्रकारचा. दलदलींत इमारत उभी करावयाची तर आधीं लांकडी खांब ठोकावे लागत. १६४८ सालीं सुरू झालेलें तेथील नगरभवन, जें पुढें राजवाडा झालें, तें १३,६५९ खांबांवर उभें आहे. हें लांकूड नॉर्वेकडून, बाल्टिक किनाऱ्यावरून येई, जहाजांसाठींही तेंच. एक अख्खें अरण्य त्या शहराच्या पायाखालीं उलटें गाडलेलें होतें, आणि शहरवासी भिंतीवर दुसरें अरण्य टांगीत होते.

येथवर दुसऱ्या पक्षाचें म्हणणें खरें ठरल्यासारखें दिसतें. ग्राहक शहरी, विषय दूरचा, चित्र एक प्रकारची हौस. आम्ही तें नाकारीत नाहीं. मात्र ही हौस केवळ धनिकांचीच होती हें म्हणणें टिकण्यासारखें नाहीं. १६४१ सालीं रॉटरडॅमच्या जत्रेंत हिंडणाऱ्या जॉन ईव्हलिन या इंग्रज प्रवाशानें साधे शेतकरीसुद्धां चित्रांत पैसे घालतात याचें नवल नोंदविलें आहे. शिवाय, स्वप्न विकत घेतलें असेल. पण त्या स्वप्नांत काय काय आहे? एक वाट आहे, आणि वाट पायांनीं व चाकांनीं पडते. पाणचक्की आहे, म्हणजे बांध आहे, पाट आहे, दळण आहे. कुंपण आहे. शाकारलेलें छप्पर आहे, आणि छप्पर दर कांहीं वर्षांनीं शाकारावेंच लागतें. हॉबेमाच्या रानांत माणसाचा हात न लागलेली वस्तु शोधावी तर आभाळाखेरीज फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. मग या रानांत घाम नाहीं असें कसें म्हणावें? घाम आहे, पण तो वाळून गेल्यानंतरची वेळ चित्रकारानें निवडली आहे. काम झालेलें आहे. उद्यां पुन्हां करावयाचें आहे. मधल्या अवकाशास आपण शांतता म्हणतों.

या शांततेचा भाव त्या काळीं किती होता हें समजण्यास १६७२ साल आठवावें. डच लोक त्यास 'संकटाचें वर्ष' म्हणतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें सैन्य पूर्वेकडून घुसलें. म्युन्स्टरच्या बिशपनें ओव्हराइसल घेतला. हॉबेमानें रंगविलेला सगळा मुलूख शत्रूच्या टांचेखालीं गेला. हॉलंड वांचलें तें बांध फोडून स्वतःची जमीन बुडविल्यामुळें. पिढ्यान् पिढ्या पाणी उपसून कोरडी केलेली जमीन आपल्याच हातानें पाण्याखालीं घालणाऱ्या लोकांस शेताकांठच्या वाटेची किंमत कोणी निराळी शिकवावयास नको होती. त्या वर्षानंतर चित्रांचा बाजार कोसळला तो फार दिवस सावरला नाहीं.

एवढें त्याच्या बाजूनें बोलल्यावर दोषही सांगणें आलें. तीं माणसें! हॉबेमास माणूस रंगवितां येत नसे, किंवा रंगविण्याची हौस नसे. त्याच्या कित्येक चित्रांतील माणसें दुसऱ्या चित्रकारांनीं मागाहून घातलेलीं आहेत. त्या काळीं ती रीतच होती. पण मूर्ति बसविल्यासारखीं तीं दिसतात हेंही खरें. याहून मोठा दोष पुनरुक्तीचा. एकदां युक्ति साधली कीं ती सोडावयाची नाहीं, हा कारागिराचा स्वभाव त्याच्यांत होता. तीच वाट, तेंच वळण, तेंच मागलें ऊन. सातव्या-आठव्या रानापाशीं आपण पोहोंचतों तेव्हां पुढें काय येणार हें ठाऊक असतें. रेनॉल्ड्झनें आपल्या व्याख्यानांतून डच चित्रकारांना विशेषांतच अडकून पडणारे म्हणून खालची पायरी दिली. पुढें रस्किननें तर त्यांच्या निसर्गचित्रणावर कडक कोरडे ओढले. आमच्या पिढीनें महाविद्यालयांत रस्किन भक्तिभावानें वाचला, आणि त्याच्या वाक्यांचा पूर असा असतो कीं त्यांतून डोकें वर काढून स्वतः पाहण्यास वेळ लागतो. या ठिकाणीं त्यानें केलेला अन्याय असा कीं, हॉबेमाचा कंटाळवाणेपणा त्याच्या अतिसाधेपणांतून येतो अशी समजूत त्याच्या वाचकांची झाली. वस्तुतः तो त्याच्या अतिकौशल्यांतून येतो.

१६६८ सालीं, तिसाव्या वर्षीं, हॉबेमानें लग्न केलें. वधू शहराच्या एका महापौराच्या घरीं स्वयंपाकघरांत कामास होती. त्याच सालीं त्यास शहराच्या जकात खात्यांत बाहेरून येणाऱ्या दारूच्या पिंपांचें माप घेण्याची जागा मिळाली. लग्न व नोकरी यांचा संबंध वशिल्याचा होता असें चरित्रकार मानतात. ही नोकरी त्यानें अखेरपर्यंत केली. त्यानंतर त्याच्या हातून फार थोडीं चित्रें झालीं. कित्येक लेखक या प्रसंगाविषयीं लिहितांना सुस्कारा टाकतात: कला गेली, कारकुनी आली. बाजार कोसळल्यामुळें त्यानें ब्रश ठेवला असें म्हणावें तर बाजार कोसळला चार वर्षांनंतर. आम्हांस या सुस्काऱ्याचें नेहमीं हंसूं येतें. मराठींतील बहुतेक चांगलें वाङ्मय शाळेची घंटा झाल्यावर किंवा कचेरीचा दरवाजा बंद झाल्यावर लिहिलें गेलें आहे; केशवसुत मास्तरकी करीत होते हें सर्वांस ठाऊक आहे. पिंपें मोजणारा माणूस चित्र काढूं शकत नाहीं हा नियम कोणीं केला?

असा नियम गृहीत धरल्यानें टीका कशी फसते याचें उदाहरण त्याच्याच एका चित्राच्या बाबतींत घडलें. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें १८७१ सालीं पील यांच्या संग्रहाबरोबर घेतलेलें 'मिडलहार्निसची वृक्षवीथी' हें तें चित्र. सुमारें साडेतीन फूट उंच, साडेचार फुटांहून थोडें अधिक रुंद. त्यावरील सालाचा तिसरा आंकडा पुसट झालेला. पुष्कळांनीं तो ६ असावा, म्हणजे साल १६६९ असावें, असा आग्रह धरला. कारण उघड होतें. नोकरीस लागून वर्ष झालेला चित्रकार एखादी श्रेष्ठ कृति करूं शकेल, परंतु नोकरींत एकवीस वर्षें मुरलेला कसा करील? आतां साल १६८९ हेंच सर्वमान्य आहे. हॉबेमा त्या वेळीं पन्नाशी ओलांडून एक पाऊल पुढें गेलेला होता. त्या वयाच्या माणसांस या आंकड्याचें किती समाधान वाटतें तें आम्हांस विचारावें.

मिडलहार्निस हें ओव्हरफ्लाके बेटावरील गांव. येथें रान नाहीं, ओक नाहींत, वळणाची वाट नाहीं, मागलें ऊन नाहीं. हॉबेमानें आपल्या सगळ्या हुकमी युक्त्या घरीं ठेवल्या. एक सरळ रस्ता चित्राच्या जवळजवळ मधोमध आपल्या पायांपासून निघून क्षितिजाकडे जातो. दोन्ही बाजूंस उंच, काडीसारखीं झाडें. खालच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या, फक्त शेंड्याला पानांचा झुबका. क्षितिज खालीं ठेवल्यामुळें हीं झाडें आभाळांत शिरतात, आणि आभाळच चित्राचा मोठा भाग व्यापून राहतें. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे चर. डावीकडे दूर चर्चचा मनोरा. अधिक बारकाईनें पाहिलें तर जहाजांच्या डोलकाठ्या, म्हणजे समुद्र जवळच आहे. उजवीकडे शेतवाडीचीं घरें, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या आडवाटेवर दोन माणसें बोलत उभीं आहेत. रस्त्यानें बंदूक खांद्यावर टाकून एक मनुष्य कुत्र्यासह आपल्याकडे येतो आहे. आणि अगदीं पुढें, उजव्या हाताला, रोपवाटिकेंत एक माणूस रोपांची छाटणी करतो आहे.

ही मांडणी करणें सोपें आहे असें ज्यास वाटत असेल त्यानें कागदावर दोन रेषा एका बिंदूस नेऊन पाहाव्या. मधोमध जाणारा रस्ता चित्रास दुभंगून टाकतो, नजर एकदम टोंकाला पोहोंचते आणि पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं. म्हणून शहाणे चित्रकार तो टाळतात. हॉबेमाच्या चित्रांत नजर धांवत सुटते, पण वाटेंतच अडखळते. झाडें सरळ रांगेंत असूनही कोणतेंच झाड सरळ नाहीं. एक किंचित् कललेलें, दुसऱ्याचा शेंडा वाऱ्यानें एका अंगाला गेलेला. दोन झुबके एकसारखे नाहींत. बंदूकवाला मनुष्य रस्त्याच्या टोंकाकडून येतो आहे, त्यामुळें आपली नजर तिकडे जात असतां त्याची चाल तिला भेटते आणि थोपवते. क्ष-किरणांनीं तपासतां असें आढळून आलें कीं, पुढच्या बाजूस रस्त्याच्या दोहों अंगांस चित्रकारानें आणखी एकेक झाड आधीं रंगविलें होतें व मागाहून तें बुजवून टाकलें. तीं दोन झाडें असतीं तर चित्रास चौकट मिळाली असती, दरवाजांतून पाहिल्यासारखें झालें असतें. रानाच्या चित्रांत त्यानें नेहमीं हेंच केलें होतें. तीं काढल्यानें आपण दाराबाहेर पडून रस्त्यावर उभे राहतों. पन्नाशीनंतर सवयीची वस्तु पुसून टाकण्याचें धैर्य येणें ही साधी गोष्ट नव्हे.

रसिकांचा सामान्य कल असा दिसतो कीं, हॉबेमाची कीर्ति रानांवर उभी असून वृक्षवीथी हा एक सुंदर अपवाद होय. आमचें मत याच्या उलट आहे. रानाच्या चित्रांत जी गोष्ट झांकलेली होती ती येथें उघड्यावर आली आहे. तेथें माणसाचें काम पानांआड गेलेलें होतें, म्हणून आपण त्यास निसर्ग म्हणूं शकलों. येथें तशी सोय नाहीं. रस्ता मातीचा भराव घालून केलेला, चर खणलेले, झाडें लावलेलीं आणि छाटलेलीं, जमीन समुद्रापासून राखलेली. एकही वस्तु आपोआप झालेली नाहीं, आणि तरीही त्या चित्रांतील शांतता सर्व रानांच्या बेरजेहून अधिक आहे. पडद्याचा आरोप येथें लागू पडत नाहीं, कारण झांकलेलें कांहींच नाहीं. आरशाची उपमाही लागू पडत नाहीं, कारण दोन झाडें पुसून टाकणारा माणूस आरसा नव्हे. 'लांडस्खाप' शब्दाचा जुना अर्थ, जमिनीचा एक राखलेला तुकडा, ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यास आम्ही याच चित्राकडे पाठवूं.

हॉबेमा ७ डिसेंबर १७०९ रोजीं वारला, आणि ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्कच्या दफनभूमींत गरिबांच्या वाट्याची जागा त्यास मिळाली. डच चित्रकारांचीं चरित्रें लिहिणाऱ्या हौब्राकेननें त्याचें नांवही घेतलें नाहीं. कीर्ति आली ती मरणोत्तर, आणि मुख्यतः इंग्रजांकडून. नॉरिच येथील जॉन क्रोम हा चित्रकार मरतांना हॉबेमाचें नांव घेऊन गेला अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. इंग्रज संग्राहकांनीं त्याचीं रानें मोठ्या किंमतींस नेलीं, त्यांच्या छापील प्रती निघाल्या, आणि त्यांतूनच तें 'शांत ग्रामजीवन' आपल्याकडील पुस्तकांत व भिंतीवरच्या दिनदर्शिकांत येऊन पोहोंचलें. छापील प्रतींत मागलें ऊन मळकट होतें व पुढची सांवली काळी होते, हेंही ध्यानांत ठेवावें. रानाच्या चित्रांवर आम्हीं जो पुनरुक्तीचा ठपका ठेवला आहे त्यांत थोडा वांटा छापखान्याचा असूं शकेल.

वृक्षवीथीचा पाठलाग मात्र चित्रकारांनीं सोडलेला नाहीं. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानें २०१७ सालीं सहा कॅनव्हास जोडून तीच उंच झाडें पुन्हां रंगविलीं. एका बिंदूकडे धांवणारा रस्ता त्यानें फोडून दोहों अंगांस पसरला आहे, जणूं पाहणारानें मान वळवून एकेका बाजूस सावकाश पाहावें. त्या खटाटोपांत चर, झाडें, मनोरा सर्व कांहीं रुंदावलें आहे. आम्हांस तें चित्र गमतीचें वाटलें. परंतु हॉबेमाच्या रोपवाटिकेंतला माणूस, जो या सगळ्या प्रकारांत एकदांही मान वर करीत नाहीं, त्याच्याकडे आमची नजर पुन्हां पुन्हां जाते. त्याच्या हाताखालचीं रोपें गुडघ्याच्या थोडीं वर आलेलीं आहेत, आणि रस्त्यावरचीं झाडें आतां बरींच जुनीं झालीं आहेत.